काढलेलं सामान

साकाई, जपान
९ जून २०२४

आदरणीय बाबूचाचा आणि सुलताना चाची,
उर्वशीचा नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळं खुशाल आहे. फोनवर मी एक विचारते आणि तुम्ही "हो हो, पाऊस आहे ना" असं दुसरंच उत्तर देता, म्हणून या वेळी सरळ कागद घेतला. तुम्ही म्हणता घुग्घुसचं नेटवर्क खराब आहे. असेल बाई.

काम तुमच्याच जोगं आहे. मी ज्या वृद्धांच्या केंद्रात काम करते तिथे होसोमी-सान (इथलं 'सान' म्हणजे आपलं 'जी') नावाचे एक आजोबा रोज सकाळी येतात. वय एकाहत्तर. दीड वर्षापूर्वी लकवा मारला, डावा हात अजून बधिर आहे. आयुष्यभर इलेक्ट्रिक गिटार वाजवली. लग्नाच्या वरातीत वाजते तशी नाही. चाल नाही, ठेका नाही, नुसता आवाज. एकदा मी मोबाइलवर ऐकलं तर वाटलं की सिमेंट कारखान्याच्या गेटवर उभी आहे. पण माणसाने आतापर्यंत एकशे त्रेचाळीस रेकॉर्डी काढल्या आहेत. एकशे त्रेचाळीस! आणि डॉक्टर नको म्हणत असताना एकशे चव्वेचाळिसावी काढायची म्हणून अडून बसलाय. २४ नोव्हेंबरला रेल्वेपुलाखालच्या एका छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरलाय, तिथेच रेकॉर्ड करणार.

अडचण अशी की गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये जोडायची त्यांची एक लोखंडी पेटी आहे, आपल्या जेवणाच्या डब्याएवढी. ती बंद पडली. त्यांच्या काजी नावाच्या मित्राने १९७६ मध्ये हाताने बनवली होती. तो मित्र आता नाही. इथले दुकानदार म्हणतात, फेकून द्या, नवी घ्या. मी म्हटलं, आमच्याकडे एक माणूस आहे जो काही फेकत नाही.

पाठवू का?

तुमची,
उर्वशी


घुग्घुस
२४ जून २०२४

चिरंजीव उर्वशी बेटीस,
बाबूभाईची दुआ.

पाठव. विचारतेस काय?

तुझ्या जपानी म्हाताऱ्याला सांग, पंचेचाळीस वर्षांत या हाताखालून कोळशाच्या धुळीने भरलेले ॲम्प्लिफायर गेले, पुरात बुडालेले गेले, एकात तर सापाची कात निघाली होती. सगळे बोलायला लागून घरी गेले. १९७६ ची पेटी म्हणजे माझ्यापेक्षा लहान.

आपल्या आरमोरीकडच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, तुझे बाबा मुखरूभाऊ दंडारीच्या नाटकात राणी व्हायचे तेव्हा तीन गावांपर्यंत त्यांचा आवाज माझे भोंगे पोचवायचे. तू स्टेजच्या कडेला माझ्या पेटाऱ्यावर झोपलेली असायचीस. तुझं काम मी करणार नाही तर कोणाचं करणार?

फक्त एक लिही. तो वाजवतो काय, हे कळल्याशिवाय मशीन उघडत नाही मी.

आणि नेटवर्क खरोखरच खराब आहे.

बाबूभाई


साकाई
७ जुलै २०२४

बाबूचाचा,

पेटी वेगळी पाठवली आहे. चार वेळा गुंडाळली आहे. होसोमी-सान तिला पोस्टात नेताना स्वतः आले, आणि खिडकीवरच्या बाईने शिक्का मारेपर्यंत पेटीवरचा हात काढला नाही.

तुम्ही विचारलं म्हणून मी त्यांना विचारलं, आणि मग मला तीन दिवस तेच काम झालं. एकोणिसाव्या वर्षी ते जहाजाच्या कारखान्यात लोखंड घासायला होते. सगळे कानात बोळे घालायचे, यांना तो आवाज आवडला. पहिल्या बँडने चौथ्या दिवशी हाकलून दिलं. मग स्वतःचा बँड काढला, तो मोडला, दुसरा काढला. एका काळात पाच नावांचे पाच बँड होते आणि पाचांत माणसं तीच चार. रेकॉर्डी कुठल्या मोठ्या कंपनीने काढल्या नाहीत. शंभर, कधी दोनशे, एवढ्याच प्रती. कव्हरवर स्वतः ठसे मारायचे, दोन कव्हरं एकसारखी सापडणार नाहीत. एकसष्टाव्या रेकॉर्डमध्ये चाळीस मिनिटं एकच सूर आहे. परदेशात एका गावी वाजवायला गेले तर अकरा माणसं आली, त्यांतली आठ उठून गेली. यांनी ठरलेला दीड तास पूर्ण वाजवलं. मी विचारलं, वाईट नाही वाटलं? तर म्हणाले, "तिघं बसले होते ना."

असा माणूस आहे. मला उरुबाशी-सान म्हणतात. पेटी आली की पुन्हा सरावाला बसणार आहेत.

आई (गुणाबाई तुम्हाला नमस्कार सांगते) फोनवर म्हणाली, "बाबूभाईकडे दिलं ना? मग झालं म्हण." मीही तेच म्हणते.

उर्वशी


घुग्घुस
११ ऑगस्ट २०२४

उर्वशी बेटी,

झालं म्हण.

चाळीस मिनिटं एकच सूर आमच्याकडे पिठाच्या गिरणीत फुकट ऐकायला मिळतो. पण तिघांसाठी दीड तास वाजवणारा माणूस मला पटला. म्हणून हाती घेतलेली दोन कामं बाजूला ठेवली.

आता ऐक. आत एक जोड गंजून सुटला होता, बंद पडण्याचं कारण तेवढंच. तो नवा केला. पण उघडलंच आहे तर सगळं पाहून घेतलं. बनवणारा हुशार, पण कोणीतरी मागाहून घोळ करून ठेवला होता. बाहेर जाणाऱ्या तारेपासून एक पिवळी वायर आणि एक बारका कंडेन्सर उलटा फिरवून परत आतल्या तारेला जोडलेला. अशाने काय होतं, ते तुला मी लहानपणीच शिकवलंय. बाहेरचा आवाज परत आत शिरतो आणि मशीन शिट्टी मारतं. माईक भोंग्यासमोर धरला की किंचाळतो, तसं. बिचाऱ्याने इतकी वर्षं कसं सहन केलं असेल? ती वायर आणि कंडेन्सर काढून टाकले, तारांना जाळीचं आवरण घातलं. आता गणपतीसमोर लावली तरी कुंई करणार नाही.

दुकानाचा नियम म्हणून काढलेलं सामान पुडीत बांधून सोबत ठेवलंय, वर नाव लिहून. गिऱ्हाइकाला जुना पार्ट परत मिळालाच पाहिजे, नाहीतर त्याला काय कळणार आपण बदललं की नुसतं पुसून दिलं.

मजुरी विचारू नको. त्यांच्या रेकॉर्डीची एक प्रत पाठव म्हणावं.

बाबूभाई


साकाई
३० ऑगस्ट २०२४

बाबूचाचा,

पेटी पोचली! लगेच लिहायला बसले.

होसोमी-साननी उघडून आत पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिले. म्हणाले, इतकं स्वच्छ सोल्डर मी पन्नास वर्षांत पाहिलं नाही. मग जोडून एक तार छेडली. आवाज आला! मी टाळ्या वाजवल्या. ते उठून उभे राहिले आणि भारताच्या दिशेने (म्हणजे खिडकीच्या दिशेने, भारत तिकडे नाही, पण मी काही बोलले नाही) तीन वेळा कमरेतून वाकले. इथे तीनदा वाकणं म्हणजे फार झालं. तुमची पुडीही त्यांनी दोन्ही हातांनी घेतली.

चाची, आज यांना गोड करून घाला.

उर्वशी


घुग्घुस
१४ सप्टेंबर २०२४

उर्वशी बेटी,

तुझं पत्र दुकानात आलेल्या प्रत्येकाला वाचून दाखवलं. खाणीतले शिफ्टवाले मोटरसायकल उभी करून ऐकतात. तीनदा वाकल्याचं ऐकून फरहत टेलर म्हणतो, "भाऊ, आमचे गिऱ्हाईक तर पँट घेऊन वळूनबी पाहत नाई."

रईस पेंटरला पाटी रंगवायला सांगितली आहे: "बाबूभाई साउंड सर्व्हिस. जपानपर्यंत दुरुस्ती." तुझी चाची हसते. हसू दे.

सराव कसा चाललाय ते कळव.

बाबूभाई


साकाई
२८ सप्टेंबर २०२४

आदरणीय बाबूचाचा,

हे पत्र लिहायला मी आठ दिवस टाळाटाळ केली. तुमचं पाटीचं पत्र आलं आणि आणखी अवघड झालं.

होसोमी-साननी २४ नोव्हेंबरचा कार्यक्रम रद्द करायला सांगितलंय. मला हॉलवाल्याच्या फोनमधून कळलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, थकवा आहे. मी ऐकलं नाही. त्यांच्या घरी गेले. पेटी फडताळात, काजी-सानच्या फोटोजवळ ठेवलेली. तिच्यावर तुमची पुडी, न उघडलेली.

चाचा, ती पिवळी वायर कोणाचा घोळ नव्हता. काजी-सान आणि होसोमी-साननी मिळून ती मुद्दाम जोडली होती. ती शिट्टीच त्यांचा आवाज आहे. एकशे त्रेचाळीस रेकॉर्डी तिच्यावरच झाल्या. ॲम्प्लिफायरच्या जवळ जायचं, लांब व्हायचं, अंग वळवायचं, बटण पिळायचं आणि त्या किंचाळीला हवं तसं फिरवायचं. आणि आता तर डावा हात तारा दाबू शकत नाही. गिटारचं बाकी सगळं त्यांच्या हातून गेलंय. एवढं एकच वाजवता येत होतं.

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलं? मला वाटलं होतं तुम्ही खूश होऊन वाकलात. म्हणाले, "खूश झालो होतोच. ज्याने इतक्या मनापासून काम केलं त्याला चूक आहे म्हणून कसं सांगू?"

मी सांगतेय. कारण मला त्यांचा कार्यक्रम व्हायला हवाय, आणि माझ्या ओळखीत हे सांगता येईल असा माणूस तुमच्याशिवाय नाही. हॉलवाल्याला मी म्हटलं, तारीख ठेवा. त्यांना न विचारता म्हटलं.

पेटी परत पाठवू का?

उर्वशी


घुग्घुस
९ ऑक्टोबर २०२४

उर्वशी,

पत्र मिळालं.

मशीनने शिट्टी मारली तर ते मशीन बिघडलेलं असतं. जगात कुठेही. तुझ्या होसोमींना दुसरा कोणी मेकॅनिक पाहायला सांग.

बाबूभाई


घुग्घुस
१२ ऑक्टोबर २०२४

उर्वशी बेटी,

नऊ तारखेचं पत्र फाडून टाक. राग आला होता आणि पोस्टाचा डबा जवळ होता.

आता खरं लिहितो. पेटी परत पाठवू नको, मला दुरुस्त करता येणार नाही. तुझ्या म्हणण्याप्रमाणे वायर परत बसवली तरी ती शिट्टी मारते की नाही हे मला कळणार नाही. मला शिट्टी ऐकू येत नाही, बेटी. दोन-अडीच वर्षं झाली. आयुष्यभर भोंग्याखाली बसल्याचं फळ आहे. आधी चिमण्या गेल्या, मग कुकर, मग फोनवरची तू. नेटवर्क चांगलं आहे.

दुकान कसं चालवतो? स्पीकरवर तळहात ठेवून. खर्ज हाताला बरोबर कळतो. बारीक आवाज कळत नाही. तुझ्या म्हाताऱ्याची पेटीही तशीच तपासली. कान असते तर वायर काढण्याआधी एकदा वाजवून ऐकली असती आणि विचारलं असतं, हे असंच हवंय का. ते न विचारणं ही माझी चूक. कोणाला सांगितलेलं नाही, चाचीलाही नाही. बहिऱ्या साउंडवाल्याला काम कोण देईल?

आणि शिट्टीचा एवढा राग का, तेही सांगतो. तू चार वर्षांची असशील. मंडईत मुखरूभाऊ राणीच्या वेशात स्टेजवर आले, मोठं गाणं उचललं आणि माझा माईक किंचाळला. अख्खा मांडव हसला. तुझे बाबा गाणं टाकून आत गेले, पदर तोंडाला लावून. मला वाटलं, संपली दोस्ती. पण पुढच्या वर्षी तेच घरी आले. म्हणाले, "भाऊ, भोंगे तुहेच लावतो. फक्त शिट्टी नाई पाहिजे." तेव्हापासून मी तिचा वैरी. तुझ्या म्हाताऱ्याच्या पेटीत ती दिसली आणि मी मागचा-पुढचा विचार न करता काढून टाकली.

म्हणून आता तुला करायचंय. सामान पुडीत आहे, कान तुझ्याकडे आहेत. हात मुखरूभाऊंचे आहेत, राणीच्या तुटलेल्या दागिन्यांना ते स्वतः टिनाचा डाग देऊन जोडायचे.

मागच्या पानावर चित्र काढलंय. मी घातलेलं जाळीचं आवरण आधी सोलून काढ. दोन ठिपके लाल केलेत, पिवळ्या वायरचं एक टोक एका ठिपक्यावर, कंडेन्सरचं दुसऱ्यावर. बॅटरी काढून ठेव. सोल्डरिंग आयर्न पूर्ण तापू दे. टिनला ढकलू नको, जोड गरम झाला की ते आपोआप पसरतं. फुंकर घालू नको, थंड होईपर्यंत हात हलवू नको. पहिल्यांदा बिघडेल. दुसऱ्यांदाही बिघडेल. माझंही बिघडायचं. मग बसेल.

आणि शिट्टी आली की घाबरून बंद करू नको. तुला कान झाकायला मीच शिकवलं होतं. या वेळी झाकू नको.

पाटी रंगवून आली होती. भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे.

तुझा चाचा


साकाई
३ नोव्हेंबर २०२४

बाबूचाचा,

पाचव्यांदा बसलं.

केंद्राचा वायरमन सोल्डरिंग आयर्न द्यायला तयार नव्हता, आठवडाभर त्याच्या मागे लागले. उजव्या हाताच्या दोन बोटांवर फोड आहेत. तिसऱ्या वेळी तुमचा सुंदर जोडही मी उखडला आणि रडले. होसोमी-सान शेजारी बसून एकदाही "राहू दे" म्हणाले नाहीत. बधिर हाताने पेटी दाबून धरून होते, हलू नये म्हणून. चटका बसला तरी त्यांना कळत नव्हतं, म्हणून मीच त्यांचा हात सरकवत होते.

तुमच्या पत्रातलं मी त्यांना सगळं सांगितलं. कानांचंही. रागावू नका. ते ऐकून म्हणाले, "मलाही डाव्या कानाने ऐकू येत नाही. पुढचं वाजवायला उजवा पुरतो."

मग बॅटरी घातली. आधी काही नाही. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, ॲम्प्लिफायरकडे खुर्ची जराशी सरकवली आणि ती आली. चाचा, मी कान झाकले नाहीत. दारावर शेजारीण आली, तिला मी वाकून माफी मागितली आणि दार लावून घेतलं.

पुडीचा कागद त्यांनी मागून घेतला. कशाला ते सांगत नाहीत.

तारीख तीच आहे.

उर्वशी


साकाई
२६ नोव्हेंबर २०२४

बाबूचाचा,

झाला कार्यक्रम!

हॉलमध्ये चाळीस खुर्च्या, माणसं एकतीस. मी पहिल्या रांगेत. होसोमी-सानना दोघांनी धरून आणलं. खुर्चीत बसून गिटार मांडीवर घेतली आणि बधिर हात लाकडावर नुसता ठेवला. उजव्या हाताने बटण. एकदाही तार दाबली नाही. आवाज उठला तो बावन्न मिनिटं उतरला नाही. मधे वरून रेल्वे गेली तेव्हा त्यांनी तिला आत घेतलं, म्हणजे शिट्टी खाली आणली, गाडी जाईपर्यंत थांबले, आणि मग पुन्हा वर नेली. मला हे संगीत कळतं असं मी खोटं म्हणणार नाही. पण शेवटी मी पाहिलं तर ते घामाने भिजले होते आणि पाय अजून हलत होता. डॉक्टर मागे उभे होते. शेवटपर्यंत थांबले.

घरी जाताना गाडीत म्हणाले, "एकशे पंचेचाळिसावीला पेटी आणखी जोरात हवी. तुझ्या चाचांना विचार."

रेकॉर्ड तयार झाली की तुमची प्रत येईल. कव्हर पाहून मला लिहा.

उर्वशी


घुग्घुस
१९ जानेवारी २०२५

चिरंजीव उर्वशी बेटीस आणि होसोमी साहेबांना,
बाबूभाईचा सलाम.

रेकॉर्ड आली. कव्हर पाहिलं आणि दुकानातच खाली बसलो. माझ्या पुडीचा कागद, चुरगळलेला, तसाच्या तसा छापलाय. त्यावर माझ्या वाकड्या अक्षरात "होसोमी साहेब. काढलेलं सामान." सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंस की रेकॉर्डीचं नावही त्यांनी तेच ठेवलंय, आणि तिकडची माणसं ते वाचता येत नसताना घेऊन जातात. एकशे त्रेचाळीस रेकॉर्डी काढलेल्या माणसाने माझ्या चुकीला नाव म्हणून वर बसवलं. आता त्यांच्यावर रागावू की काय करू?

माझ्याकडे जुनी तबकडीची मशीन होती. पूर्वी लग्नांत गाणी लावायचो ती. माळ्यावरून उतरवली, पट्टा बदलला, चार दिवस गेले. काल दुपारी अंगणात मोठे भोंगे मांडले, जसे मुखरूभाऊंसाठी मांडायचो. सुई टेकवली, आवाज पुरा सोडला आणि स्पीकरच्या डब्यावर तळहात ठेवला.

थोडी थरथर लागली. मग तीही गेली. मला वाटलं, पट्टा निसटला. तबकडी तर फिरत होती. मी वाकून वाकून पाहत होतो.

तेवढ्यात चाची स्वयंपाकघरातून धावत आली. हात पिठाचे, तसेच दोन्ही कानांवर. शेजारचेही कुंपणाशी जमले होते. तिचं ओरडणं मला तोंडावरून कळलं. "बंद करा नं ते! कवाचं शिट्टी मारून राह्यलं! तुमाले ऐकू नाई येत काय?"

बोलून गेली आणि तिचं तोंड उतरलं. तेव्हा मला समजलं की तिला कधीचं माहीत होतं.

पंचेचाळीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला असता तर मी भांडलो असतो. मी म्हटलं, "नाई येत. तू सांग मले, कशी आहे?"

ती तिथेच ओट्यावर बसली. कानांवरचे हात काढले. आणि तबकडीची बाजू संपेपर्यंत, बेटी, माझ्या तळहातावर पिठाचं बोट फिरवून सांगत राहिली. वर गेली की वर, उतरली की खाली.

साहेबांना सांग, पेटी पाठवा. जोरात करून देतो. या वेळी काढणार काही नाही.

पाटी लावली आहे.

बाबूभाई